'बाय' की 'अंटिल'? एका 'पर्यंत'मागे दडलेले दोन शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसच्या ईमेलमध्ये 'आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे' असं लिहिलं होतं, वरिष्ठांनी 'अंटिल' खोडून तिथे 'बाय' केलं. दोन्हींचा अर्थ 'शुक्रवारपर्यंत' असाच होतो, मग चुकलं काय? आणि कुठे कोणता शब्द घ्यायचा हे ओळखायचं कसं?

चुकलं आहे, पण शब्दकोश उघडून ते कळणार नाही. इंग्रजी-मराठी कोशात दोन्ही शब्दांपुढे 'पर्यंत' असंच लिहिलेलं असतं. गोंधळाचं मूळही तिथेच आहे. मराठीतला 'पर्यंत' एकट्याने दोन कामं करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण वाक्यातलं क्रियापद आपोआप अर्थ सावरून घेतं. इंग्रजीने ही दोन कामं दोन शब्दांत वाटून दिली आहेत.

मराठीचीच दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

शुक्रवारपर्यंत अहवाल पाठव.
शुक्रवारपर्यंत थांब.

पाठवणं एका क्षणात उरकतं. मंगळवारी पाठवला की विषय मिटला, बुधवारी-गुरुवारी काही करायचं उरत नाही. शुक्रवार ही फक्त शेवटची मुदत. थांबणं मात्र आत्ता सुरू होतं आणि शुक्रवार येईस्तोवर चालूच राहतं. मंगळवारी निघून गेलात तर तुम्ही शुक्रवारपर्यंत थांबलाच नाहीत. पहिल्या वाक्याला इंग्रजीत 'बाय' लागतो, दुसऱ्याला 'अंटिल'. तारीख दोन्हीकडे तीच आहे, म्हणून तारखेकडे पाहून निवड करताच येत नाही. क्रियापदाकडे पाहावं लागतं.

आता मूळ वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाने ऐका. 'आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे' म्हणजे 'शुक्रवार येईपर्यंत मी अहवाल पाठवत राहीन'. आज एकदा, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. वरिष्ठांना तुमचं म्हणणं समजलं असणारच, पण वाक्य तसं म्हणत नव्हतं.

ओळखायची खूण मराठीतच आहे. 'पर्यंत' काढून 'च्या आत' बसवून बघा. 'शुक्रवारच्या आत अहवाल पाठव' सरळ बसतं, म्हणून 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांब' कानाला खटकतं, म्हणून 'अंटिल'. शंका उरलीच तर उलटा पडताळा घ्या: क्रियापदाला 'त राहा' जोडा. 'शुक्रवारपर्यंत वाट पाहत राहा' ठीक, 'शुक्रवारपर्यंत फी भरत राहा' विचित्र. जिथे 'त राहा' शोभतं तिथे 'अंटिल'. या दोन खुणांवर दहातली आठ-नऊ वाक्यं सुटतात. उरलेल्यांसाठी पुढचं वाचा, कारण खरी गंमत तिथे आहे.

सबमिट, पे, फिनिश, रिप्लाय, रिटर्न, रीच, डिसाइड ही क्रियापदं बहुतेक वेळा 'बाय'कडे जातात. वेट, स्टे, कीप, कंटिन्यू आणि 'व्हॅलिड असणं' ही 'अंटिल'कडे. पण ही यादी पाठ करून फार उपयोग नाही. कित्येक क्रियापदांना दोन तोंडं असतात, आणि तिथे चूक केली तर वाक्य अशुद्ध होत नाही, चक्क दुसराच अर्थ सांगतं. हे जास्त घातक, कारण कोणी दुरुस्त करायलाही येत नाही.

औषधाच्या चिठ्ठीवरचं वाक्य घ्या. 'टेक द टॅब्लेट्स अंटिल संडे' म्हणजे रविवार येईपर्यंत गोळ्या घेणं चालू ठेवा. 'फिनिश द टॅब्लेट्स बाय संडे' म्हणजे रविवार संपण्याआधी सगळ्या गोळ्या संपलेल्या हव्यात, मग रोज किती ते तुम्ही बघा. आणि 'टेक द टॅब्लेट बाय संडे' म्हणजे एकच गोळी आहे, ती रविवार उलटायच्या आत कधीही घ्या. मराठीत तिन्ही ठिकाणी 'रविवारपर्यंत'च येईल.

तसंच 'द ऑफिस विल बी ओपन बाय नाइन' आणि 'द ऑफिस विल बी ओपन अंटिल नाइन'. पहिलं सकाळचं वाक्य आहे: नऊला याल तेव्हा दार उघडलेलं असेल. दुसरं रात्रीचं: नऊनंतर याल तर कुलूप दिसेल. 'बी हिअर बाय सिक्स' म्हणजे सहाला हजर व्हा, 'बी हिअर अंटिल सिक्स' म्हणजे सहाच्या आधी जाऊ नका.

या जोडीतलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण झोपेचं आहे. 'दहापर्यंत तो झोपला होता' हे मराठी वाक्य नीट ऐका. रात्रीची गोष्ट चालू असेल तर दहा वाजायच्या आत तो झोपी गेलेला होता. सकाळची गोष्ट असेल तर दहा वाजले तरी तो उठला नव्हता. एकच वाक्य, दोन उलट अर्थ, आणि मराठी माणूस संदर्भावरून बिनचूक ओळखतो. इंग्रजीत मात्र बोलणाऱ्यालाच ठरवावं लागतं. 'ही वॉज अस्लीप बाय टेन' म्हणजे झोप दहाच्या आधी सुरू झाली. 'ही वॉज अस्लीप अंटिल टेन' म्हणजे झोप दहाला संपली. यातून 'बाय'चा एक बारकावाही कळतो: तो चालू अवस्थेबरोबर चालतो, फक्त अर्थ 'तोवर ती अवस्था सुरू झालेली होती' असा होतो.

दोन्ही शब्दांचं मूळ ठाऊक असलं तर हे लक्षात राहायला मदत होते. 'बाय'चा जुना अर्थ 'जवळ, कडेला'. नदीकाठच्या घरासाठी आजही 'अ हाऊस बाय द रिव्हर' म्हणतात. म्हणजे 'बाय फ्रायडे' हा शुक्रवारचा काठ: कसेही या, पण तिथवर पोचलेले असा. 'अंटिल' जुन्या नॉर्स या उत्तर युरोपातल्या प्राचीन भाषेतून आलेल्या दोन तुकड्यांचा बनला आहे आणि दोन्ही तुकड्यांचा अर्थ 'पर्यंत' असाच होता. म्हणजे तो शब्द मुळात 'पर्यंत-पर्यंत' म्हणतो. त्याचं लक्ष काठावर नसून काठापर्यंतच्या सगळ्या वाटेवर असतं.

आता जरा फसवी वाक्यं. ग्रंथालयाच्या पुस्तकाची मुदत शुक्रवारी संपते आहे. 'यू मस्ट रिटर्न द बुक बाय फ्रायडे' आणि 'यू कॅन कीप द बुक अंटिल फ्रायडे' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि व्यवहारात एकच गोष्ट सांगतात. परत करणं क्षणात होतं, ठेवून घेणं चालू राहतं. अर्जांच्या सूचनेतही हेच. 'ॲप्लिकेशन्स मस्ट रीच अस बाय ३० जून' आणि 'ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड अंटिल ३० जून'. अर्ज पोचणं ही अर्जदाराच्या बाजूची एक घटना, अर्ज स्वीकारणं ही ऑफिसच्या बाजूची चालू खिडकी. सूचना लिहिताना आपण कोणाच्या बाजूने बोलतोय हे आधी ठरवा, शब्द आपोआप सापडेल.

'यू हॅव अंटिल फ्रायडे टु सबमिट द फॉर्म' हे वाक्य पाहून बरेच जण अडखळतात. सबमिट आहे, मग 'बाय' का नाही? कारण 'अंटिल' इथे सबमिटला जोडलेला नाही, 'हॅव'ला जोडलेला आहे. तुमच्या हाती वेळ आहे आणि ते हाती असणं शुक्रवारपर्यंत चालू आहे. वाक्यात दोन क्रियापदं असली की 'पर्यंत' नेमका कोणाला चिकटलाय ते आधी बघायचं.

नकार आला की पारडं फिरतं. एक क्षणाचं क्रियापदही नकारात 'अंटिल' घेतं, कारण 'न पाठवणं' ही आता चालू राहणारी अवस्था होते. 'आय वोन्ट सेंड द रिपोर्ट अंटिल मंडे' शंभर टक्के शुद्ध आहे. अर्थ असा की अहवाल सोमवारी येईल, त्याआधी नाही. 'आय वोन्ट बी एबल टु सेंड इट बाय मंडे' हेही शुद्ध, पण अर्थ वेगळा: सोमवारची मुदत हुकणार आहे, नंतर कधी ते सांगितलेलं नाही. मराठीत दोन्हींना 'सोमवारपर्यंत पाठवता येणार नाही' म्हटलं तरी चालतं. पहिलं वाक्य वाचणारा सोमवारी अहवालाची वाट बघेल, दुसरं वाचणारा नवी तारीख विचारेल. चुकीचा शब्द पडला तर सोमवारी फोन येणार हे नक्की.

याच नकारी वळणाने 'केव्हाच नाही, थेट अमुक वर्षी' असा अर्थ सांगता येतो. 'नो वन वॉक्ड ऑन द मून अंटिल १९६९': १९६९ उजाडेपर्यंत चंद्रावर कोणी चाललं नव्हतं. त्याच्या शेजारी 'बाय' ठेवून बघा: 'बाय द एंड ऑफ १९७२, ट्वेल्व्ह मेन हॅड वॉक्ड ऑन द मून'. १९७२ संपेपर्यंत बारा जण चालून झाले होते. पहिलं वाक्य दार केव्हा उघडलं ते सांगतं, दुसरं तोवर जमा किती झाली ते. दुसऱ्यातला 'हॅड वॉक्ड' बघा. भूतकाळातल्या 'बाय'बरोबर असा पूर्ण भूतकाळ आणि भविष्यातल्या 'बाय'बरोबर 'विल हॅव फिनिश्ड'सारखं रूप वारंवार येतं, कारण 'बाय' त्या काठावर उभं राहून मागे वळून हिशेब करतो.

मराठी वाक्यरचना इंग्रजीत घुसते आणि सगळ्यात जास्त चुका करवते ती 'जोपर्यंत... तोपर्यंत'च्या वळणात. त्याला जरा वेळ द्या.

'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन' हे अस्सल मराठी वाक्य आहे. ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की 'आय विल वेट अंटिल ही डझ नॉट कम' होतं, आणि वाचणारा गोंधळतो. मराठीतला 'नाही' इंग्रजीत 'अंटिल'च्या पोटात आधीच आहे, तो वेगळा लिहायचा नाही. बरोबर वाक्य: 'आय विल वेट अंटिल ही कम्स'. 'तो येईपर्यंत थांबेन' हे मराठीतलं दुसरं रूप मनात धरलं तर ही चूक होतच नाही. इंग्रजी लिहिण्याआधी 'जोपर्यंत-नाही'चं 'ईपर्यंत' करून घ्यायची सवय लावा.

आणि जिथे 'जोपर्यंत'मध्ये 'नाही' नसतोच? 'जोपर्यंत मी इथे आहे तोपर्यंत काळजी करू नका.' याचं 'अंटिल आय ॲम हिअर' केलं तर अर्थ साफ उलटा होतो: मी इथे येईपर्यंत काळजी नको, मी आलो की करा! इथे 'ॲज लाँग ॲज आय ॲम हिअर' हवं. 'अंटिल आय ॲम अलाइव्ह' हे वाक्य तर फार ऐकू येतं. त्याचा शब्दशः अर्थ 'मी जिवंत होईपर्यंत'. म्हणजे मराठी वाक्यात 'नाही' असेल तर 'अंटिल' घ्या आणि 'नॉट' गाळा. 'नाही' नसेल तर 'ॲज लाँग ॲज'.

तिसरी शक्यता अटीची. 'जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत प्रवेश मिळणार नाही.' वेळेवर भर असेल तर 'अंटिल', अटीवर भर असेल तर 'अनलेस'. दोन्ही जोडून 'अनलेस अँड अंटिल' लिहायची जी पद्धत पडली आहे ती बोलताना जोर आणते खरी, पण लिहिताना एकच पुरतो. मला तर ती जोडी दिसली की लिहिणाऱ्याने निर्णय घ्यायचं टाळलं असं वाटतं.

'तो येईल तोपर्यंत' या वळणातून आणखी एक चूक येते: 'अंटिल ही विल कम'. भविष्याची गोष्ट असली तरी 'अंटिल'नंतरच्या उपवाक्यात 'विल' येत नाही. मुख्य वाक्यात येतो, तेवढा पुरे. 'बाय'ची कथा निराळी. त्याच्यामागे सरळ उपवाक्य लावताच येत नाही. 'बाय ही कम्स' असं इंग्रजीत नाही. तिथे 'बाय द टाइम ही कम्स' लागतं, आणि त्यातही 'विल' नाही. 'तो येईपर्यंत जेवण तयार असेल' हे 'बाय द टाइम ही कम्स, डिनर विल बी रेडी'.

मुदतीत तो दिवस धरायचा की नाही, यावरून भांडणं होतात. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार येतो, 'बिफोर फ्रायडे'मध्ये येत नाही. तिथे गुरुवार शेवटचा. पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत, हे 'बाय फ्रायडे' सांगत नाही. कोणी शुक्रवार सकाळ समजतो, कोणी रात्रीचे अकरा एकोणसाठ. म्हणून वेळ लिहा: 'बाय ५ पी.एम. ऑन फ्रायडे'. कायद्याच्या कागदात 'ऑन ऑर बिफोर' किंवा 'नो लेटर दॅन' लिहितात ते तो दिवस मुदतीत धरला आहे हे स्पष्ट व्हावं म्हणून.

'अंटिल'मध्ये हा घोळ आणखी मोठा आहे. रजेच्या अर्जात 'आय विल बी ऑन लीव्ह अंटिल १४ जून' लिहिलं की चौदाला कामावर येणार की पंधराला, हे दोघं जण दोन तऱ्हेने वाचतील. सरळ लिहा: 'आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम १० टु १४ जून, बोथ डेज इन्क्लूसिव्ह, अँड विल बी बॅक ॲट वर्क ऑन १५ जून'. परतीची तारीख लिहिली की प्रश्नच मिटतो. अमेरिकन इंग्रजीत यासाठी 'थ्रू' आहे: 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हटलं की शुक्रवार आत आलाच.

मुदतवाढीत 'बाय'चा एक वेगळाच सापळा आहे. 'द डेट हॅज बीन एक्स्टेंडेड बाय १५ डेज' मधला 'बाय' मुदतीचा नाही, मापाचा आहे: मुदत पंधरा दिवसांनी वाढली. नवी तारीख सांगायची असेल तर 'टु' घ्या: 'एक्स्टेंडेड टु १५ जुलै'. 'एक्स्टेंडेड बाय १५ जुलै' लिहिलं तर वाचणारा डोकं खाजवतो. बैठक पुढे ढकलण्याचंही तसंच: 'पोस्टपोन्ड बाय टू डेज' म्हणजे दोन दिवसांनी, 'पोस्टपोन्ड टु मंडे' किंवा 'अंटिल मंडे' म्हणजे सोमवारवर.

'बाय'च्या पुढे घड्याळातली वेळ किंवा कॅलेंडरवरची तारीख लागते, कालावधी चालत नाही. 'दोन दिवसांत कळवा' याचं 'रिप्लाय बाय टू डेज' होत नाही. 'विदिन टू डेज' होतं. 'इन टू डेज' थोडं वेगळं आहे: 'आय विल रिप्लाय इन टू डेज' म्हणजे साधारण दोन दिवस उलटल्यावर. घाई असेल तर 'विदिन'च मागा.

'पर्यंत' वेळ सोडून जागेवर आणि संख्येवर गेला की दोन्ही शब्द बाजूला ठेवा. 'स्टेशनपर्यंत चालत गेलो' म्हणजे 'ॲज फार ॲज द स्टेशन' किंवा नुसतं 'टु द स्टेशन'. 'पन्नासपर्यंत माणसं मावतील' म्हणजे 'अप टु फिफ्टी पीपल'. 'अप टु' हे दोन सुटे शब्द आहेत. जोडून लिहिलेलं 'अपटु' फलकांवर सर्रास दिसतं, तरी ते चूकच.

'आत्तापर्यंत'चे तीन तुकडे होतात. 'आत्तापर्यंत पाच अर्ज आले' आणि अजून येणार आहेत: 'सो फार'. 'आत्तापर्यंत तो घरी पोचला असेल': 'बाय नाऊ'. 'आत्तापर्यंत आपण कागदावर नोंद करत होतो': 'अंटिल नाऊ'. या तिसऱ्यात एक न बोललेली गोष्ट असते, ती म्हणजे आता हे बदलणार. म्हणून 'अंटिल नाऊ वी हॅव रिसीव्ह्ड फाइव्ह ॲप्लिकेशन्स' लिहिलं की अर्ज यायचे थांबले की काय अशी शंका येते. 'टिल डेट' आपल्याकडच्या पत्रव्यवहारात रुळलं आहे, बाहेर मात्र 'टु डेट' म्हणतात.

राहता राहिला 'टिल'. तो 'अंटिल'चं लघुरूप आहे असं अनेकांना वाटतं, पण 'टिल' हाच जुना शब्द आहे, 'अंटिल' त्याच्यावरून नंतर बनला. अर्थ तोच, फक्त 'टिल' बोलण्यात जास्त आणि औपचारिक लेखनात कमी. त्याच्या सुरुवातीला वर स्वल्पविरामासारखं चिन्ह लावून तो तोडलेला शब्द असल्यासारखा लिहायची गरज नाही. स्पेलिंगमध्ये मात्र जपा: 'टिल'च्या शेवटी दोन एल, 'अंटिल'च्या शेवटी एकच. 'अंटिल'ला दुसरा एल चिकटवण्याची चूक 'टिल' डोळ्यांपुढे असल्यामुळेच होते.

तुमच्या ईमेलबद्दल सांगायचं तर वरिष्ठांची दुरुस्ती बरोबर आहे, फक्त अर्धी आहे. वाक्य असं करा: 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय ५ पी.एम. ऑन फ्रायडे'. आणि शुक्रवार हुकणार असं गुरुवारीच दिसलं तर खोडलेला शब्द बेलाशक परत आणा: 'आय वोन्ट बी एबल टु सेंड द रिपोर्ट अंटिल मंडे'.